राहेल येते, राहेल आली

दादाच्या नातवाच्या बार मित्झ्वाला, म्हणजे तेराव्या वर्षी मुलगा सिनेगॉगमध्ये पहिल्यांदा तोरा वाचतो त्या आमच्या ज्यू समारंभाला, मी इस्रायलमधल्या रामल्याला गेले होते, त्याला आता वर्ष होत आलं. त्या शनिवारी सकाळी पाऊस होता. बायकांच्या सज्जात ओल्या छत्र्यांचा, अत्तराचा आणि माझ्याच केसांतल्या खोबरेल तेलाचा वास भरून राहिला होता. खाली तेवावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, लाकडी पेटीतली सेफेर तोरा, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची हाताने लिहिलेली गुंडाळी, उभी उघडून ठेवलेली, भोवती टोप्यांचं कडं, आणि त्या कड्यात तेरा वर्षांच्या पोराची लाल झालेली मान. हातात चांदीचा यद, त्याचं टोक ओळीवरून सरकतंय. त्या आठवड्याचा भाग होता ‘वय्येत्से’: याकोब घर सोडून निघतो, दगडाची उशी करून झोपतो, शिडीचं स्वप्न बघतो आणि पुढे हारानच्या विहिरीपाशी पोचतो. पोराने पहिल्या दोन भागांची तयारी केली होती. शिडी नीट पार पडली. विहीर आली. मेंढपाळ याकोबाला सांगतात, सगळं कुशल आहे, आणि ती बघ, लाबानाची मुलगी राहेल मेंढरांबरोबर येतेय. पोर म्हणालं, ‘बाआ’. जोर पहिल्या ‘बा’वर. माझ्या मांडीवर अंगठा आणि तर्जनी आपोआप एकमेकांवर दाबली गेली, आणि त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

खालून कोणी काही बोललं नाही. वाचन पुढे गेलं.

आता त्या दोन अक्षरांत काय बिघडलं ते सांगते. राहेलच्या येण्याचा हा शब्द तीनच पासुकांच्या, म्हणजे वचनांच्या, अंतराने दोनदा येतो. सहाव्या पासुकात मेंढपाळ दुरून बोट दाखवतात तेव्हा ती अजून वाटेवर आहे. नवव्यात याकोबाचं बोलणं चालू असतानाच ती येऊन पोचते. अक्षरं दोन्हीकडे तीच, स्वरही तेच. फरक फक्त आघाताचा. शेवटच्या ‘आ’वर जोर दिला तर ‘येते आहे’. पहिल्या ‘बा’वर दिला तर ‘आली’. छापील पुस्तकात एका ठिकाणी आघाताची खूण आलेफखाली, म्हणजे ‘आ’च्या अक्षराखाली असते, दुसऱ्या ठिकाणी बेथवर, म्हणजे ‘बा’च्या अक्षरावर, आणि राशीने याच जागेवर थांबून वाचकाला बजावलं आहे की हा शब्द चालू क्रियेचा आणि तो झालेल्या क्रियेचा. राशी म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वाचे भाष्यकार, 1105 साली वारले. लहानपणी आजोबा ‘इथे राशी काय म्हणतो बघ’ असं म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, मेष-वृषभ-मिथुनपैकीच कोणीतरी असणार. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला एका मुलीच्या येण्यात आणि पोचण्यात अंतर ठेवावंसं वाटलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. पोराने दोन्हीकडे ‘बा’वरच जोर दिला. म्हणजे त्याच्या वाचनात राहेल यायच्या आधीच आली होती. रोजच्या बोलण्यात तिकडे हा फरक फारसं कोणी पाळतही नाही, म्हणून कुणाच्या कानाला खटकलं नसेल.

पण पुढच्याच पासुकाला मात्र सगळी मंडळी एकदम ओरडली. तिथे याकोब विहिरीवरचा धोंडा सरकवतो आणि लाबानाच्या मेंढरांना पाणी पाजतो, आणि लगेच पुढच्या पासुकात राहेलचं चुंबन घेतो. ‘पाणी पाजलं’ आणि ‘चुंबन घेतलं’ हे दोन्ही शब्द सेफेरमध्ये हुबेहूब सारखे दिसतात. वाव, योद, शिन, कोफ, एवढंच. एक ‘वय्यश्क’, दुसरा ‘वय्यिश्शाक’. घाबरलेल्या पोराने दुसरा पहिल्याच्या जागी वाचला आणि याकोबाकडून मेंढरांचं चुंबन घेववलं. चारही बाकांवरून आवाज आला, ‘वय्यश्क! वय्यश्क!’ मागच्या रांगेतली मुलं फिदीफिदी हसली. पोर थांबलं, मागे गेलं, दुरुस्त करून पुन्हा वाचलं. नियमच तसा आहे. शुल्हान आरुख या आमच्या धर्मनियमांच्या ग्रंथात लिहिलंय की एका अक्षराची चूक झाली तरी वाचणाऱ्याला परत फिरवावं. त्यावर पोलंडच्या रब्बी मोशे इसर्लिस यांची टीप आहे: अर्थ बदलत असेल तरच फिरवावं, नुसता सूर किंवा स्वर चुकला तर फिरवू नये, पण रागवावं. त्या ‘पण रागवावं’मध्ये मला आजोबा दिसतात.

आजोबा अलिबागला इस्रायल आळीत राहायचे. सिनेगॉगला ते शेवटपर्यंत मशीदच म्हणत, आमच्या, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंच्या, जुन्या लोकांसारखं. संध्याकाळी पडवीत दादाला समोर बसवायचे, त्याच्या बार मित्झ्वाच्या आधी सहा-सात महिने रोज. मांडीवर छापील हुमाश, म्हणजे तोराचं पुस्तक, त्यात स्वर होते, तआमीमच्या, म्हणजे सुरांच्या, खुणा होत्या. सेफेरमध्ये यातलं काहीच नसतं. ना स्वर, ना सूर, ना पूर्णविराम. नुसती शाईची काळी अक्षरं. म्हणून पुस्तकातून पाठ करायचं आणि सेफेरमधून वाचायचं. दादा वाचायचा आणि जिथे जोर हवा तिथे आजोबा त्याच्या गुडघ्यावर बोटाने टकटक करायचे. चुकला तर तीच टकटक जरा जोरात. मी त्यांच्या पाठीमागे उंबऱ्याशी बसून वाल सोलायची. मोड आलेले भिजवलेले वाल अंगठा आणि तर्जनीत धरून किंचित दाबले की साल हातात राहतं आणि पांढरा दाणा सुळकन परातीत पडतो. आजोबांच्या बोटाबरोबर माझाही दाणा सुटायचा. बाआ, आणि दाणा ‘आ’ला. बाआ, आणि दाणा ‘बा’ला. मला कोणी शिकवत नव्हतं. मला कोणी विचारणारही नव्हतं. पण वालाच्या एका वाटीत मी अख्खा ‘वय्येत्से’ सोलला, आणि दादाच्या आधी मला तो पाठ झाला.

मराठी माणसाच्या जिभेला हे सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडे शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला म्हणून काळ बदलत नाही. ‘आली’ कसंही म्हणा, ती आलेलीच असते. हिब्रूत मात्र ‘शावू’ पहिल्या अक्षरावर वजन देऊन म्हटलं तर ते परतले, दुसऱ्यावर दिलं तर त्यांनी कैद करून नेलं. रोज दोनदा म्हणायच्या शेमा या प्रार्थनेतच बघा. ‘वेआहाव्ता’. शेवटच्या ‘ता’वर जोर दिला की ‘तू परमेश्वरावर प्रीती कर’. मधल्या ‘हाव्’वर दिला की ‘आणि तू प्रीती केलीस’, म्हणजे झालं गेलं, संपलं. आजोबा त्या ‘ता’ला गुडघ्यावर बोट नाही, पूर्ण तळवा ठेवायचे. कोकणात आमचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. बाकीचं सगळं विसरलं तरी शेमा तेवढा तोंडात राहिला, असं आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो. पुस्तक नव्हतं, गुरू नव्हता. तेव्हा तो जोर कुठल्या अक्षरावर होता, हे सांगायला आज कोणी नाही. मला कधी कधी रात्री त्या घाण्यापाशी बसलेल्या माणसाचा शेमा ऐकावासा वाटतो.

पुढे कोचीनहून शिकवणारे आले. 1832 साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने आमच्या लोकांसाठी हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, पण आमच्यांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. नंतर जोसेफ यहेज्केल राजपूरकरांनी एकामागून एक प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. मला या सगळ्यात मराठीतून हिब्रू शिकणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थ्यांचा हेवा वाटतो. कारण एका अर्थाने ते तयार होते. लिहिलेलं नसताना वाचायचं कसं, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. ‘या जगात नीट जग’ असं लिहिलं तर कागदावर दोन्ही ‘जग’ सारखेच, पण पहिला ‘ज’ आपण टाळूला लावतो आणि दुसरा दातांशी आणतो. ‘माझा’मधला ‘झ’ वेगळा, ‘माझी’मधला वेगळा. लिहितो ‘बसतो’, म्हणतो ‘बस्तो’. खूण कुठेच नाही, आणि चुकणारा लगेच ओळखू येतो. हिब्रूतल्या श्वाचं अगदी हेच आहे. अक्षराखालचे दोन ठिपके एकच, पण कधी ते हलकासा ‘ए’ उच्चारायला सांगतात आणि कधी गप्प राहायला. नियम आहेत, भरपूर आहेत. पण नियम आठवून वाचणारा आणि कानाने वाचणारा यांच्यातला फरक सज्जात बसूनही कळतो.

एक अक्षर मात्र आमच्या घरात कधी आलंच नाही. ऐन. घशाच्या तळातून काढायचा तो आवाज आजोबांनाही जमत नव्हता, आणि ते त्यांना लागायचं. ऐनचा आलेफ व्हायचा, म्हणजे नुसता ‘अ’. राहेल आली त्याच पासुकाच्या शेवटी आहे, ‘कारण ती मेंढपाळ होती’. तिथला शब्द ‘रोआ’, मध्ये ऐन. तोच आलेफने म्हटला तर ‘बघणारी’. आमच्या अलिबागच्या वाचनात राहेल वर्षानुवर्षं मेंढरं राखत नव्हती, नुसती बघत होती. तालमूदमध्ये, म्हणजे जुन्या पंडितांच्या चर्चांच्या ग्रंथात, तर हैफा आणि बेत शआनच्या लोकांना प्रार्थना चालवायला पुढे उभं करू नये असंच म्हटलंय, कारण ते ऐनला आलेफ आणि आलेफला ऐन म्हणतात. आजोबा हे सांगताना हसायचे नाहीत. म्हणायचे, ‘हैफावाल्यांना जमलं नाही, ते तर तिथलेच.’ यातून ते स्वतःला माफ करत होते की अजून घट्ट धरत होते, हे मला तेव्हाही कळलं नाही. रामल्याच्या त्या सज्जात माझ्या शेजारी एक येमेनी आजीबाई बसली होती. ती ओठातल्या ओठात पोराबरोबर वाचत होती आणि तिचा प्रत्येक ऐन विहिरीत पोहरा आपटावा तसा खोल जात होता. मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले, इतकी की तिने माझा हात हातात घेतला. तिला वाटलं, नातवाचं कौतुक दाटून आलंय. तेही होतंच.

त्याच पासुकातला शेवटचा शब्द माझा सगळ्यात आवडता आहे. ‘ती’. हिब्रूत ती म्हणजे ‘ही’ आणि तो म्हणजे ‘हू’. सेफेरमध्ये तिथे अक्षरं आहेत हे, वाव, आलेफ. म्हणजे लिहिलंय ‘हू’, तो. पण वाचायचं ‘ही’. अख्ख्या तोरामध्ये ‘ती’ असाच लिहिलाय, ‘तो’च्या वेषात. फक्त अकरा जागी वावऐवजी योद घालून सरळ ‘ती’ लिहिलाय. बाकी सगळीकडे वाचणाऱ्याच्या तोंडाने तिला ओळखायचं. तिबेरियाच्या पंडितांनी हजारेक वर्षांपूर्वी स्वरांच्या आणि सुरांच्या खुणा ठरवल्या तेव्हा पुस्तकांत त्या शब्दातल्या ‘हे’ या पहिल्या अक्षराखाली ‘ई’ची खूण आली. सेफेरला मात्र त्यांनी हात लावला नाही. हे मी दादाला एकदा विचारलं होतं, की मग सेफेरमध्येही का नाही घातल्या खुणा, सगळ्यांचंच सोपं झालं असतं. दादा म्हणाला, ‘मग मला आजोबा कशाला लागले असते?’

वाचन संपल्यावर खालून वरून टॉफ्यांचा वर्षाव झाला. जेवायला दादाच्या घरी पंचवीस माणसं. वहिनीने शुक्रवारीच करून गरम तव्यावर ठेवलेलं मटण, नारळाच्या रसातलं, अगदी अलिबागच्या चवीचं. मी ते बोटाने चाटताना मला पुन्हा तेच आठवलं. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, हे वाक्य तोरामध्ये तीनदा आलंय. दूध तिथे तीन अक्षरांत लिहिलंय: हेत, लामेद, बेथ. त्याच तीन अक्षरांचा ‘हेलेव’ वाचला तर दूध नाही, चरबी. तालमूदमध्ये पंडितांनी हा प्रश्न खरोखर काढलाय आणि उत्तर दिलंय, की वाचण्याची परंपरा आईसारखी आहे, तिचंच ऐकायचं. ती परंपरा ‘दूध’ म्हणाली म्हणून मटणाला दही लागलं नाही, आणि म्हणून कोकणात आमच्या बायकांनी नारळ खोवला, वाटला, पिळला. एका न लिहिलेल्या स्वराने माझ्या आईच्या मनगटाला आयुष्यभर खोवणीपाशी बसवलं. ते मटण मी कधीही खाल्लं तरी माझ्या लेखी ते व्याकरणच असतं.

पोर टेबलाच्या टोकाला मान खाली घालून बसलं होतं. मेंढरांच्या चुंबनावरून चुलतभावांनी त्याला सकाळपासून पिडलं होतं. त्याची आई हळूच म्हणाली, ‘बाथरूममध्ये जाऊन रडला तो.’ अशा वेळी मी त्याला काय सांगणार होते? की सगळ्यांनी पकडली ती चूक एक, आणि कोणी पकडली नाही ती अजून एक? आणि दुसरी मला जास्त लागली?

रात्री, हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपवायची प्रार्थना, झाल्यावर, दादा आणि मी गॅलरीत बसलो. पाऊस थांबला होता, खालच्या रस्त्यावर फालाफेलच्या तेलाचा वास.

‘दादा, ते पहिलं बाआ...’

‘ऐकलं.’

‘मग? तू तर त्याच्या शेजारी उभा होतास.’

‘गळ्याकडे बघत होतो मी त्याच्या. शीर उडत होती. थांबवला असता तर पुढे वाचलाच नसता.’

‘मेंढरांना तर थांबवलंत.’

‘तिथे सगळेच ओरडले. ते काय माझ्या हातात होतं?’

‘आजोबांनी थांबवलं असतं.’

‘हो,’ दादा म्हणाला. ‘आजोबांनी थांबवलं असतं.’

मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. शीर हाशिरीम रब्बामध्ये, म्हणजे गीतरत्नावरच्या जुन्या भाष्यात, एक जागा आहे, दादानेच ती पूर्वी कधीतरी मला दाखवली होती. एखादा अडाणी माणूस ‘वेआहाव्ता’च्या जागी चुकून ‘वेआयाव्ता’ म्हणाला, म्हणजे ‘प्रीती कर’च्या जागी ‘वैर कर’, तरी परमेश्वर म्हणतो, त्याचं हे अडखळणंही मला प्रिय आहे. लहान मूल ‘मोशे’ला ‘माशे’ म्हणालं तरी त्याचे बोबडे बोल मला प्रिय आहेत. मी हे त्या रात्री मनात धरून बघितलं. ते खरं आहे, माझा त्यावर विश्वास आहे. तरी माझ्या बोटांना पटलं नाही. परमेश्वराला चूक प्रिय असेल, पण मेंढपाळ बोट दाखवतात आणि ती अजून वाटेवर असते, तो क्षण कोणीतरी तसाच पोचवायला हवा ना. याकोबाला ती अजून नीट दिसलीही नाहीये. फक्त धूळ दिसतेय, कळप दिसतोय. त्या एका क्षणासाठीच तर तो जोर शेवटच्या अक्षरावर आहे. पहिल्यावर आणला की तो क्षणच राहत नाही. आणि मला हेही माहीत होतं की सज्जातून आवाज द्यायचा नसतो. शब्द ओठांवर आला होता, मी तो गिळला. ते रीत म्हणून, की पोराची दया येऊन, की साठ वर्षांत मला कोणी कधी विचारलं नाही म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

ठाण्याला परत आल्यावर महिनाभराने मी त्याला फोनवर सांगितलं. सरळच सांगितलं. वालाचंही सांगितलं. तो म्हणाला, ‘आजी, पण तू कुठे वाचतेस?’ मी म्हटलं, ‘मी नाही वाचत. मी ऐकते.’ त्याने थोडं थांबून विचारलं, ‘मग तुला कुठला जोर कुठे ते आठवतं कसं?’ मला उत्तर सुचलं नाही. मी त्याला दोन्ही पासूक म्हणून दाखवले, जिभेवर जसे होते तसे, ऐनशिवाय.

त्यांच्याकडे बार मित्झ्वाचा भाग दरवर्षी त्याच मुलाने वाचायची पद्धत आहे. या आठवड्यात पुन्हा ‘वय्येत्से’ आलाय. काल गुरुवारी रात्री त्याचं व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंग आलं. मी डाळ चुलीवरून उतरवली, हात पुसले आणि खुर्चीत बसून ऐकलं. आवाज आता फुटलाय, जाड झालाय. मेंढपाळ म्हणाले, ती बघ राहेल, बाआ. जोर ‘आ’वर, अगदी स्वच्छ. माझ्या बोटांमधून दाणा सुटला. मग याकोब बोलत राहिला, मी वाट बघत राहिले, आणि नववा पासूक आला. बाआ. जोर पुन्हा ‘आ’वर.

तीनदा लावून ऐकलं. मेंढरांना त्याने पाणीच पाजलं, चुंबनही योग्य ठिकाणी घेतलं, आणि ‘रोआ’चा ऐन तर असा काही काढला की अलिबागच्या पडवीत कोणी उठून उभं राहिलं असतं. पण राहेल मात्र अजून विहिरीवर पोचली नव्हती. दोन्हीकडे ती येतेच आहे.

शनिवारला अजून वेळ होता. मी माइकच्या चिन्हावर बोट दाबून धरलं.